कॉर्नेटवर तांब्याचा मुलामा : मोल तांब्याचे की हुन्नराचे?

लग्नसराई तोंडावर आली की बँडवाल्यांची वाद्ये दुरुस्तीसाठी बाहेर निघतात. अशाच दिवसांत आमच्या ओळखीच्या एका पॉलिशवाल्या कारागिराकडे एक तरुण जुना कॉर्नेट घेऊन आला. वाद्य त्याच्या आजोबांचे. आजोबा बँडमास्तर होते. पितळेवरचे लॅकर जागोजागी उडालेले, भोंग्याला दोन पोचे पडलेले, पण आवाज अजून शाबूत. तरुणाने मोबाइलवर एक चित्र दाखवले. परदेशातल्या कोणा वादकाचा कॉर्नेट होता तो. सगळे अंग तांबूस लाल, पिस्टनच्या टोप्या चांदीसारख्या पांढऱ्या आणि भोंग्यावर वेलबुट्टी. "चाचा, अगदी असाच करून द्या," एवढीच त्याची फर्माईश.

चाचांचा हात नळाच्या तोट्या, दिव्यांचे स्टँड आणि शोभेच्या सुरया यांवर बसलेला. त्यांनी तांब्याचा अंदाज घेतला, वेळेचा अंदाज घेतला आणि एखाद्या मोठ्या सुरईला सांगावा तेवढाच दर सांगितला. चार दिवसांनी वाद्य तयार झाले. ते इतके सुरेख दिसत होते की शेजारचे दुकानदार पाहायला आले. पण आठवड्याने तो तरुण परत आला, तो रडकुंडीला येऊनच. दोन पिस्टन अडकून बसत होते. तळाच्या टोप्या फिरत नव्हत्या. एका जोडातून हवा जात होती. आणि हाताने जेथे वाद्य धरायचे तेथे हिरवट डाग उमटू लागले होते. चाचांनी पैसे परत केले आणि वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका जाणकाराकडून पदरमोड करून ते नीट करवून घेतले. "चाळीस वर्षे मुलामा करतोय, आणि एवढ्याशा बाजाने मला नवशिका ठरवले," असे ते आम्हाला म्हणाले.

चाचांचा मुलामा वाईट नव्हता. ज्या वस्तूवर तो चढवायचा ती वस्तू त्यांच्या परिचयाची नव्हती, एवढेच. गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे सजवलेल्या वाद्यांना आज मागणी आहे आणि त्यांत तांब्याच्या रंगाचे आकर्षण मोठे आहे. मुलामा, नक्षी आणि बफिंगचे काम करणारे आमचे पुष्कळ बांधव हे काम करू शकतील. म्हणून हे आकर्षण कशात आहे, त्यात खरे किती आणि बोलाचे किती, आणि काम हाती घेताना काय जपावे, हे येथे सविस्तर मांडत आहोत.

वस्तू ओळखा

कॉर्नेट दिसायला ट्रम्पेटचे आखूड भावंड वाटते. प्रत्यक्षात दोन्हींच्या नळीची लांबी जवळजवळ सारखीच, साडेचार फुटांच्या आसपास असते. कॉर्नेटची नळी जास्त वेटोळी असते म्हणून तो आटोपशीर दिसतो. खरा फरक नळीच्या आतल्या आकारात आहे. ट्रम्पेटची नळी बरीच लांबवर एकाच जाडीची राहते आणि शेवटी पसरते. कॉर्नेटची नळी बऱ्याच आधीपासून हळूहळू रुंद होत जाते. त्याच्या माउथपीसची वाटीही जास्त खोल असते. त्यामुळे ट्रम्पेटचा आवाज तेज आणि धारदार, तर कॉर्नेटचा आवाज गोल आणि मऊ लागतो.

या वाद्याचा जन्म युरोपातला. टपालाच्या गाडीवर वाजवायचे एक साधे वेटोळे शिंग तेथे असे. प्रशियात १८१८ साली श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी व्हॉल्व्हचे पेटंट घेतले. पुढे दहाएक वर्षांनी पॅरिसच्या कारागिरांनी टपालाच्या शिंगाला व्हॉल्व्ह बसवले आणि कॉर्नेट तयार झाला. आज सर्वत्र दिसणारा पिस्टन व्हॉल्व्ह पॅरिसच्याच पेरिने यांनी १८३० च्या दशकाच्या अखेरीस बसवला. आर्बां या फ्रेंच वादकाने १८६४ साली कॉर्नेट शिकण्याचे पुस्तक काढले, ते ट्रम्पेटचे विद्यार्थी आजही वापरतात. न्यू ऑर्लिन्सच्या लुई आर्मस्ट्राँग यांची सुरुवातही कॉर्नेटवरच झाली. १९२० च्या दशकात नाचगाण्याच्या वाद्यवृंदांत ट्रम्पेटने कॉर्नेटची जागा घेतली. इंग्लंडच्या ब्रास बँडांत मात्र कॉर्नेट आजही मुख्य वाद्य आहे. तेथे साधारण २५ वादकांच्या ताफ्यात १० जण कॉर्नेटवाले असतात.

कॉर्नेटला तीन पिस्टन असतात. दुसरा दाबला की सूर अर्ध्या पट्टीने उतरतो, पहिला दाबला की एका पट्टीने, आणि तिसरा दाबला की दीड पट्टीने. या तिन्हींच्या मेळातून सगळे सूर निघतात. पिस्टन आणि त्याचे घर यांच्यातली फट मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश भागांएवढी असते. हे माप कारागिराने पक्के लक्षात ठेवावे, कारण चाचांची पहिली चूक येथेच झाली.

तांब्याचा रंग आला कोठून?

आपण या वाद्यांना ब्रास म्हणजे पितळी वाद्ये म्हणतो, पण तांबे त्यांच्या घराण्यात जुनेच आहे. इंग्रजी फौजेचा बिगूल परंपरेने तांब्याचा असे आणि त्याच्या तोंडाला पितळेची पट्टी असे. डब्लिनच्या जोसेफ हॅलिडे यांनी १८१० साली चाव्या असलेल्या बिगुलाचे पेटंट घेतले. ती वाद्येही बरीचशी तांब्याची आणि त्यांच्या चाव्या पितळेच्या अशी मिळतात. तांबूस अंग आणि पिवळ्या पट्ट्या हे रूप पाहिले की जाणत्या वादकाला जुना बिगूल आठवतो. आकर्षणाचा पहिला धागा हा आहे.

दुसरा धागा अमेरिकेचा. इंडियाना राज्यातले एल्कहार्ट हे गाव वाद्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध झाले, ते सी. जी. कॉन यांच्या कारखान्यापासून. या कारखान्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस 'कॉप्रिअन' नावाचा भोंगा बाजारात आणला. भोंग्याच्या आकाराच्या साच्यावर विजेच्या साहाय्याने तांब्याचा थर चढवीत जायचे आणि पुरेशी जाडी झाली की साचा काढून घ्यायचा. पत्रा वाकवून जोडण्याची गरज नाही, म्हणून भोंग्याला कोठे सांधा नाही. ही वाद्ये शौकिनांनी आजही जपून ठेवली आहेत. मुलामा करणाऱ्या आमच्या बांधवांनी हे ध्यानात घ्यावे की ज्या कामाला आपण वरवरचे समजतो त्याच कामातून तेथे आख्खा भोंगा उभा राहिला.

तिसरा धागा हौसेचा. व्हिक्टोरिया राणीच्या काळात बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० साली विजेने चांदी चढवण्याचे पेटंट घेतले आणि चांदीच्या मुलाम्याची वाद्ये सर्रास होऊ लागली. नावाजलेल्या वादकाला नक्षीदार, नाव कोरलेला कॉर्नेट भेट देण्याची पद्धत इंग्लंड-अमेरिकेत होती. म्हणजे वाद्य एका माणसासाठी सजवणे ही काही आजची टूम नाही. आज अमेरिकेत डेव्हिड मोनेट यांच्यासारखे कारीगर विंटन मार्सालिस यांच्यासारख्या नामवंतांसाठी खास ट्रम्पेट घडवतात. त्यांच्या काही नमुन्यांची नावे 'राजा' आणि 'प्राण' अशी आपल्याकडची आहेत.

तीन वस्तू, एक रंग

बाजारात 'तांब्याचा कॉर्नेट' या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. व्यापाऱ्याने त्यांचा घोळ होऊ देऊ नये.

पहिली, भोंगा खरोखरच तांब्याचा असलेले वाद्य. बाकीचे अंग बहुधा पितळेचेच असते.

दुसरी, तांबूस पितळेचे वाद्य. नेहमीच्या पिवळ्या पितळेत ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. तांब्याचे प्रमाण ८५ टक्के केले की सोनेरी झाक येते आणि ९० टक्के केले की लालसर. हा रंग धातूच्या अंगचाच असतो, घासून जात नाही.

तिसरी, साध्या पिवळ्या पितळेच्या वाद्यावर वरून तांब्याचा मुलामा दिलेली. मोबाइलवरच्या चित्रात या तिन्हींतला फरक दिसत नाही, हातात घेतल्यावर कळतो. सूर जुळवण्याची सरकती नळी बाहेर ओढून आतून पाहावी. आत पिवळे आणि बाहेर लाल असेल तर मुलामा आहे. घासल्या जाणाऱ्या कडा आणि कोपरे पाहावेत, तेथे खालचे पितळ डोकावते. लोहचुंबकाचा येथे उपयोग नाही, कारण तो पितळेलाही चिकटत नाही आणि तांब्यालाही नाही.

तिन्ही वस्तू विकायला हरकत नाही, पण ज्या नावाने विकायची ते नाव खरे असावे. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कण नसतो, तांबे, निकेल आणि जस्त असते, हे भांडीवाल्यांना ठाऊक असते. गिऱ्हाइकाला ते सांगितले तर तक्रार होत नाही आणि चांदी म्हणून गळ्यात मारले तर गिऱ्हाईक कायमचे तुटते. मुलाम्याचेही तसेच. बिलावर 'तांब्याचा मुलामा दिलेला पितळी कॉर्नेट' असे पूर्ण लिहावे. मालाचे खोटे वर्णन हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारीचा विषय होतो हेही लक्षात असू द्यावे.

आवाज बदलतो काय?

गिऱ्हाईक हा प्रश्न हमखास विचारते. काही दुकानदार ठोकून देतात की तांब्याने सूर मऊ होतो. वस्तुस्थिती तपासू या.

कॉर्नेटच्या भोंग्याचा पत्रा साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. मुलाम्याचा थर १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. पत्र्याच्या जाडीच्या तो पन्नासावा हिस्सा झाला. वाद्याचा सूर ठरतो तो आतल्या हवेच्या खांबाच्या लांबीवरून आणि आकारावरून. मुलामा बसतो बाहेरच्या अंगाला, कारण लांब नळीच्या आत विजेचा प्रवाह नीट पोहोचत नाही. आतला आकार बदलला नाही तर सूर बदलण्याचे कारण उरत नाही. पूर्ण तांब्याच्या भोंग्याबद्दल वादकांची मतमतांतरे आहेत. पण तो अनुभव उचलून मुलाम्याच्या माथी मारणे बरोबर नाही.

तरीही मुलामा करून आणल्यावर "आवाज सुधारला" असे सांगणारे वादक भेटतात. ते खोटे बोलतात असे नाही. मुलाम्यासाठी वाद्य पूर्ण उकलले जाते, आतली वर्षांची घाण निघते, पोचे निघतात, गळणारे जोड नव्याने झाळले जातात. एवढे केल्यावर आवाज सुधारणारच. श्रेय तांब्याला मिळते, मेहनत दुरुस्तीची असते. म्हणून गिऱ्हाइकाला आम्ही असे सांगू की रंग मुलाम्याचा, आवाज दुरुस्तीचा, आणि दोन्हींचे पैसे वेगळे.

काम कसे चालते

आता कारागिरीकडे वळू. चाचांच्या हातून काय सुटले ते यातून आपोआप कळेल.

सर्वांत आधी वाद्य उकलावे. पिस्टन, त्यांच्या स्प्रिंगा, वरच्या-खालच्या टोप्या, सरकत्या नळ्या, सगळे सुटे करावे. पिस्टन मुलाम्याच्या हौदात कधीही टाकू नयेत. १० मायक्रॉनचा थर चहूबाजूंनी बसला की पिस्टनचा व्यास २० मायक्रॉननी वाढतो, आणि मुळात फटच तेवढी असते. चाचांनी चकाकी यावी म्हणून पिस्टनही लटकवले होते. पिस्टनच्या घरांची तोंडे, टोप्यांचे आटे आणि सरकत्या नळ्यांचे आत जाणारे भाग बुचे किंवा आवरण लावून बंद करावेत. आट्यांवर तांबे बसले की टोपी फिरत नाही.

नळीची दोन्ही टोकेही बंद हवीत. आत गेलेले आम्ल धुऊन काढणे कठीण असते आणि ते महिनोन्महिने आतून पितळ खात राहते.

यानंतर जुने लॅकर काढणे, पोचे काढणे आणि बफिंग. तोटी जाड असते, तिला बफ दाबून धरला तरी चालतो. कॉर्नेटचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा, त्यातही वळणावर आणखी पातळ. तेथे बफ रेटला की पत्रा कागदासारखा होतो आणि कोरलेली अक्षरे व नंबर पुसून जातात. कॉर्नेटचे जोड बहुतेक कथिल-शिशाच्या मऊ झाळाने बसवलेले असतात. हा झाळ १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो. चाचांच्या हातचा जोड सुटला तो बफच्या उष्णतेने आणि दाबाने. याच कारणासाठी अशा वाद्याला पावडर कोटिंग करू नये. त्याची भट्टी साधारण १८० ते २०० अंशांवर चालते, वाद्य आत घातले तर तुकडे बाहेर यायचे.

मग तेलकटपणा काढणे, पाण्याने धुणे, सौम्य आम्लात बुडवणे, पुन्हा धुणे. येथे केलेली घाई मुलाम्यावर पापुद्र्याच्या रूपाने उगवते. झाळलेल्या जोडांवर आणि पोलादी स्क्रूंवर तांबे पक्के बसावे म्हणून आधी एक अतिपातळ थर देतात, त्याला कारखान्यात स्ट्राइक म्हणतात. त्यावर मोरचूद आणि गंधकाम्लाच्या हौदात मुख्य थर चढतो.

स्ट्राइकसाठी बऱ्याच ठिकाणी सायनाइडचा हौद वापरतात. येथे आम्ही कळकळीने सांगतो की सायनाइड आणि आम्ल यांची गाठ पडता कामा नये. पडली तर जो वायू सुटतो तो जीव घेतो, आणि वासावरून कळेल या भरवशावर राहू नये, कारण कित्येकांना तो वास येतच नाही. दोन हौदांमध्ये अंतर, मध्ये स्वच्छ पाण्याने धुणे, हवा खेचणारा पंखा, हातमोजे आणि सांडपाण्याची वेगळी व्यवस्था हवीच. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही हवी. सायनाइडविरहित द्रावणेही मिळतात. घरातल्या पोटमाळ्यावर हा उद्योग कोणी करू नये. ज्याच्याकडे परवान्याचा हौद आहे त्याच्याकडून मुलामा करवून घ्यावा आणि उकलणे, दुरुस्ती, बफिंग, नक्षी आपण करावी.

मुलाम्यानंतर वाद्य कोरडे करून उघड्या हाताने न शिवता लगेच पारदर्शक लॅकर द्यावे. उघडे तांबे हवेने तपकिरी पडते, घामातल्या मिठाने हिरवे होते. चाचांनी लॅकर दिलेच नव्हते, डाग त्यामुळे पडले. काही शौकिनांना जुनेपणाची तपकिरी झाक हवी असते. ती गंधकाच्या द्रावणाने आधी आणून मग वर लॅकर देतात.

एक गोष्ट कधीही विसरू नये. ओठाला लागणारा माउथपीस तांब्याचा उघडा ठेवू नये. तांब्याच्या भांड्याला आपण कल्हई का करतो, तेच कारण येथे. माउथपीसला चांदीचा किंवा सोन्याचाच मुलामा असावा.

हिशेब

आता चाचांच्या दराकडे येऊ. विजेचा हिशेब सरळ आहे. मोरचुदाच्या हौदात एक अँपिअर प्रवाह एक तास सोडला की सुमारे १.१९ ग्रॅम तांबे बसते. कॉर्नेटच्या अंगाचे क्षेत्रफळ १० चौरस डेसिमीटर धरू. त्यावर १० मायक्रॉनचा थर द्यायला सुमारे ९ ग्रॅम तांबे लागते. दर चौरस डेसिमीटरला दोन अँपिअर, म्हणजे एकूण २० अँपिअर प्रवाह ठेवला तर काम २३ मिनिटांत होते.

तांब्याचा भाव किलोला हजार रुपये धरला तरी ९ ग्रॅमचे झाले नऊ रुपये. थर दीडपट दिला तरी चौदा रुपयांच्या आत. गिऱ्हाईक ज्याला तांब्याचा कॉर्नेट म्हणून मिरवणार, त्यातले तांबे एवढेच.

मग मोल कशाचे? उकलण्याचे, पोचे काढण्याचे, पत्रा न झिजवता बफ करण्याचे, बुचे बसवण्याचे, जोड झाळण्याचे, लॅकरचे आणि पुन्हा जुळवून वाजवून पाहण्याचे. हौदातले काम अर्ध्या तासाचे आणि हौदाबाहेरचे दोन-तीन दिवसांचे. चाचांनी दर लावला तो अर्ध्या तासाचा. स्वस्तात घेतलेले काम घाईने उरकावे लागते आणि घाईने उरकलेले काम परत येते. म्हणून दर सांगताना तांब्याचा विचारच करू नये, दिवस मोजावेत.

मुलाम्याखाली काय दडते

मुलाम्याचा एक दुरुपयोगही आहे, तोही उघडपणे सांगणे आमचे कर्तव्य समजतो. पितळ जुने झाले, आतून लाळ आणि ओल खात राहिली की त्यातले जस्त निघून जाते. मागे उरते ते सच्छिद्र, ठिसूळ तांबे. बाहेरून ते गुलाबी ठिपक्यांच्या रूपाने दिसते, विशेषतः माउथपीस लगतच्या नळीवर. वाद्ये दुरुस्त करणारे त्याला पितळेचा रोग मानतात. अशी नळी बदलावीच लागते.

आता पाहा, ठिपका गुलाबी आणि मुलामाही गुलाबीच. तांबे चढवले की रोग झाकला जातो. असे वाद्य नवे म्हणून विकले तर वर्षभरात नळीला भोके पडतात. कारागिराने मुलाम्यापूर्वी असे ठिपके गिऱ्हाइकाला दाखवावेत आणि विकत घेणाऱ्याने नळीत उजेड टाकून आत पाहावे.

दुसरे असे की प्रत्येक जुने वाद्य रंगवायचे नसते. नावाजलेल्या कारखान्याचे, मूळ लॅकर आणि मूळ कोरीव अक्षरे असलेले वाद्य शौकीन त्याच्या मूळपणासाठी विकत घेतात. त्यावर बफ फिरला की ती किंमत परत येत नाही. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्यांना हे सांगायला नको. पण पॉलिशवाल्यापर्यंत ही गोष्ट पोहोचत नाही. मुलाम्यासाठी चांगले वाद्य म्हणजे ज्याचे लॅकर आधीच गेले आहे, ज्याला संग्रहाची किंमत नाही, पण ज्याचे पिस्टन आणि नळ्या धडधाकट आहेत.

फर्माईश म्हणजे काय

खास करवून घेतलेल्या कॉर्नेटमध्ये तांब्याचा रंग ही केवळ पार्श्वभूमी असते. त्यावर गिऱ्हाइकाची निवड उमटते. अंग तांबूस ठेवून टोप्या आणि आधाराच्या पट्ट्या चांदीच्या करणे, बोटांच्या बटणांवर शिंपला किंवा रंगीत खडे बसवणे, तिसऱ्या नळीची कडी वादकाच्या बोटाच्या मापाने हलवणे, भोंग्यावर नाव आणि वेल कोरणे. मुलाम्यानंतर कोरले तर कलम तांब्याचा पातळ थर कापून खाली जाते आणि लाल अंगावर पितळेच्या पिवळ्या रेघा उमटतात. दुरंगी नक्षीची ही युक्ती साधी आहे, पण हात तयार हवा. मुरादाबादचे नक्काश पितळेवर जे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आले तेच हे.

वाद्ये घडवण्याची परंपराही आपल्याकडे आहे. मेरठच्या जली कोठी मोहल्ल्यात बिगूल, ट्रम्पेट, कॉर्नेट, युफोनियम बनतात. लष्करी बँडशी संबंध असलेल्या नादिर अली यांनी १८८५ साली सुरू केलेली पेढी या व्यवसायातले जुने नाव आहे. देशभरातल्या लग्नाच्या बँडांत तेथला माल वाजतो. घडवणारे मेरठला, नक्काश मुरादाबादला, मुलामावाले आणि बफवाले मुंबईच्या गल्लीगल्लीत आणि वाजवणारे सगळीकडे. यांची एकमेकांशी गाठ पडली तर एका वाद्यावर चार घरांची रोजी चालेल. आज होते असे की प्रत्येकजण आपापला तुकडा स्वस्तात करून मोकळा होतो.

काम घेताना चिठ्ठी लिहून घ्यावी. वाद्याचा नंबर, आधीचे दोष, कोणत्या भागावर कोणता मुलामा, थर किती, लॅकर कोणते, दुरुस्ती वेगळी किती, आगाऊ रक्कम आणि तारीख. दोन छायाचित्रे काढून ठेवावीत. परत देताना गिऱ्हाइकाला तेथेच वाजवून पाहायला सांगावे आणि निगा कशी राखायची ते समजावावे. वाजवून झाल्यावर मऊ कोरड्या फडक्याने घाम पुसायचा आणि पितळ घासायची पावडर कधीही लावायची नाही, कारण ती लॅकर आणि तांबे दोन्ही खाते.

चाचांचे पुढे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करतो. वाद्यदुरुस्तीच्या ज्या जाणकाराकडे त्यांनी तो कॉर्नेट नेला होता त्याच्याशीच त्यांनी आता बोली केली आहे. उकलणे, झाळणे आणि जुळवणे त्याचे, बफिंग आणि लॅकर चाचांचे, मुलामा परवानाधारक कारखान्यातून. तो तरुणही त्यांच्याकडेच परत आला, या वेळी आपल्या ताफ्यातला एक ट्रम्पेट घेऊन. चाचांनी आधी नळीत बॅटरी टाकून पाहिले, मग दर सांगितला. तो पहिल्या दराच्या कितीतरी पट होता. तरुणाने विचारले, "चाचा, तांबे महागले का?" चाचांनी त्याला नऊ रुपयांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला आणि बाकीचे पैसे कशाचे तेही एकेक करून सांगितले. तरुणाने घासाघीस केली नाही.